रात्रीच्या गाडीत आजारी पडलात तर

बर्थ मिळाला, चादर पसरली, बाहेरचे दिवे मागे पडायला लागले, की सुट्टी खरी सुरू झाल्यासारखी वाटते. आणि मग दुसऱ्या रात्री पोटात ढवळतं, नाहीतर अंगात कणकण भरते. घरी असतो तर दार लावून झोपलो असतो. इथे दार आहे, पण त्याच्या आत आणखी तिघं झोपलीत.

पहिल्यांदा हे माझ्यावर आलं तेव्हा मी करायला नको ते सगळं केलं. वरच्या बर्थवर गुपचूप पडून राहिलो. कुणाला सांगितलं नाही. पाणी प्यायलो नाही, कारण प्यायलो तर खाली उतरावं लागणार होतं. संध्याकाळी एक मोठं शहर आलं, गाडी चांगली वीस मिनिटं थांबली, आणि मी ‘बघू सकाळी’ म्हणून कूस बदलली. रात्री दोनला पोटऱ्यांत पेटके आले तेव्हा पुढचं मोठं स्टेशन सात तास लांब होतं. त्या रात्री एक गोष्ट कळली: गाडीत आजारापेक्षा उशीर जास्त नडतो. खाली जे लिहिलंय ते बहुतेक त्या उशिराबद्दलच आहे.

निघण्याआधी: एक थैली आणि एक कागद

थैली उशाशी मावेल एवढीच हवी. बर्थखालच्या मोठ्या बॅगेत तळाशी ठेवलेलं औषध मध्यरात्री अंधारात, खालच्या माणसाला उठवून काढावं लागतं, म्हणजे ते नसल्यातच जमा. थैलीत ओआरएसच्या म्हणजे जलसंजीवनीच्या पुड्या, पॅरासिटामॉल, थर्मामीटर, गाडी लागते त्यावरची गोळी, साबणाची वडी, दोनचार न गळणाऱ्या पिशव्या, छोटी बॅटरी. तुमची रोजची औषधं असतील तर प्रवासाचे दिवस मोजा आणि वर तीन दिवसांची जास्त घ्या. लांबच्या गाड्या उशिरा पोहोचतात. औषधं मूळ पाकिटात ठेवा आणि चिठ्ठी सोबत असू द्या. त्यावर औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नाव दुसऱ्या देशात कुणी ओळखत नाही. मूळ नावही कधीकधी बदलतं: पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. सीमा ओलांडणार असाल तर तिथले औषधांचे नियम आधी बघा. सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये ते औषध नेताच येत नाही.

इन्सुलिन घेत असाल तर न उघडलेलं २ ते ८ अंश सेल्सिअसला लागतं. वापरात असलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकतं, पण खिडकीतल्या उन्हात किंवा हीटरवर ठेवलेलं टिकत नाही. आणि घड्याळाचा घोळ आधीच सोडवा. मॉस्को आणि व्लादिवोस्तोकच्या वेळांत ७ तासांचा फरक आहे. सकाळी आठची गोळी तिथे ‘सकाळी आठला’ घ्यायची की दुपारी तीनला, हे तिसऱ्या दिवशी झोपेत ठरवू नका. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवा.

आता कागद. मला विचाराल तर थैलीपेक्षा हा महत्त्वाचा. गाडीच्या वाटेवरची फक्त मोठी शहरं, जिथे मोठं रुग्णालय असणार अशी, तिथे गाडी किती वाजता पोहोचते आणि किती मिनिटं थांबते, एवढंच लिहा. मॉस्को ते व्लादिवोस्तोक ९,२८९ किलोमीटर आहे, जवळजवळ आठवडाभराचा प्रवास, पण शहरं बऱ्यापैकी येत राहतात. उलट सिडनी ते पर्थ ४,३५२ किलोमीटरच, पण त्यात नलारबोरचं मैदान आहे. तिथे ४७८ किलोमीटर रूळ एकदाही वळत नाही आणि वाटेत वस्तीही जवळपास नाही. किलोमीटरवरून अंदाज बांधू नका. दोन मोठ्या स्टेशनांमध्ये सर्वांत मोठी रिकामी जागा कुठे आहे आणि ती रात्री येते का, हे बघा. तिच्यावर खूण करा. त्याच कागदाच्या मागे देशाचा आपत्कालीन क्रमांक (युरोपीय संघात आणि भारतात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००, भारतातल्या रेल्वेसाठी शिवाय १३९), विम्याचा फोन, रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि घरच्या कुणाचा तरी नंबर. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची नाही.

बर्थ निवडताना

ज्याला गाडी लागते त्याने डब्याच्या मधला, खालचा बर्थ मागावा. चाकं डब्याच्या दोन्ही टोकांखाली असतात, त्यामुळे टोकाला दणके जास्त. आणि डबा डोलतो तेव्हा जितकं वर तितकं जास्त झुलणं. ज्याचं पोट नाजूक त्याने मात्र संडासाजवळचा बर्थ घ्यावा. एरवी कुणालाही नको असलेली ही जागा जुलाबाच्या रात्री अख्ख्या गाडीतली सर्वांत चांगली जागा असते.

आधी ओळखा: गाडी लागली की आजार?

डोळे सांगतात आपण स्थिर खोलीत आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय. या भांडणातून मळमळ येते, तोंडाला पाणी सुटतं, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो. ताप नसतो, पोटात मुरडा नसतो, आणि गाडी बराच वेळ थांबली की बरं वाटायला लागतं. ही शेवटची खूण सर्वांत कामाची. अशा वेळी मोबाइल खाली ठेवा, गाडीच्या दिशेला तोंड करून दूरवर क्षितिजाकडे बघा, नाहीतर सरळ पाठीवर झोपून डोळे मिटा. गोळी त्रास सुरू होण्याआधी, साधारण अर्धा ते एक तास, घेतली तरच तिचा खरा उपयोग. ती घेतली की झोप येते, म्हणून तिच्यावर दारू नको.

गाडी तासभर उभी आहे आणि तरी ढवळतंच आहे, किंवा सोबत ताप, जुलाब, अंगदुखी आहे, तर ती गाडी लागणं नव्हे. मग पुढचं वाचा.

लगेच सांगा

आपल्याला लाज वाटते ती इथे. लोकांची झोप मोडेल, कुणी नाक मुरडेल, डब्यातून उतरवतील, असं काहीतरी मनात येतं. पण ज्याला माहीत नाही तो मदतही करू शकत नाही. निदान दोघांना सांगा: एक सहप्रवासी आणि डब्याचा अटेंडंट किंवा तिकीट तपासनीस. बहुतेक गाड्यांत डॉक्टर नसतो, प्रथमोपचाराची पेटी असते. तरी कर्मचाऱ्यांच्या हातात तीन गोष्टी असतात ज्या तुमच्या नसतात. ते गाडीत डॉक्टर किंवा परिचारिका आहे का याची घोषणा करू शकतात, पुढच्या स्टेशनला कळवून फलाटावर कुणाला तरी बोलावू शकतात, आणि रिकामा बर्थ कुठे आहे हे त्यांना ठाऊक असतं. सांगताना मोघम ‘बरं वाटत नाही’ म्हणू नका. ‘संध्याकाळी सहापासून पाच वेळा जुलाब, दोनदा उलटी, ताप १०१, डबा अमुक, बर्थ तमुक’ असं सांगा. भाषा येत नसेल तर फोनवर भाषांतर करून दाखवा, आणि तेही नेटवर्क आहे तोवर करून ठेवा.

एकटे असाल तर आणखी एक काम. कुणाला तरी सांगून ठेवा, ‘मला दर दोन तासांनी हाक मारा’. ग्लानीत गेलेल्या माणसाला झोपलेला समजून सगळे हलक्या पावलांनी जातात.

पोट बिघडलं तर

लांबच्या गाडीत सर्वांत जास्त वेळा हेच होतं, आणि यात जीव घाबरा होतो तो जुलाबांनी, पण धोका असतो तो अंगातलं पाणी आणि मीठ जाण्याने. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ होती, सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या. तेव्हा तिथले डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाण्याचं मिश्रण रुग्णांना तोंडाने द्यायला नातेवाइकांनाच शिकवलं. मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. छावणीत जमलं ते बर्थवरही जमतं.

पुडीवर किती पाण्यात घालायची ते आधी वाचा. काही पुड्या एक लिटरच्या असतात, काही २०० मिलिलिटरच्या. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात ढवळून प्यायलात तर ते खारट पाणी उलट त्रास देईल. अर्धी पुडी, पाऊण पुडी असले हिशेब नकोत. पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलं. रशियातल्या आणि चीनमधल्या लांबच्या गाड्यांत डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असतो, तिथलं पाणी थर्मासमध्ये भरून गार करा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नका. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि पुन्हा करा. तयार केलेलं चोवीस तासांनंतर टाकून द्यायचं.

मोठ्या माणसाने प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर प्यावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. एका दमात पेला रिकामा करायची घाई केली की तो परत बाहेर येतो आणि आपण म्हणतो ‘काही टिकत नाही’. चमच्याने टिकतं. पुरेसं जातंय की नाही हे लघवीवरून कळतं: रंग फिका असेल तर ठीक, गडद पिवळी, थोडी, किंवा सहा-आठ तास झालीच नाही तर मागे पडलात.

जुलाब थांबवणाऱ्या गोळीचा मोह होतो, विशेषतः संडासापुढे रांग असताना. लोपेरामाइड मोठ्यांना एखाद्या अवघड टप्प्यापुरतं चालतं, पण शौचात रक्त किंवा जोराचा ताप असेल तर अजिबात घेऊ नका, आणि लहान मुलांना तर नाहीच. मनाने अँटिबायोटिकही नको.

संडासाचंही वेळापत्रक असतं, हे नवख्याला माहीत नसतं. जुन्या पद्धतीच्या डब्यांत मैला रुळावर पडतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी मोठं स्टेशन यायच्या आधीपासून गाडी निघेपर्यंत अटेंडंट दाराला कुलूप लावतो. देशाच्या सीमेवर हे तासन्‌तास चालू शकतं. मंगोलियाचे रूळ १,५२० मिलिमीटर रुंद आणि चीनचे १,४३५. त्या सीमेवर डबे उचलून त्यांची चाकंच बदलतात, आणि तोवर कुलूप उघडत नाही. असा टप्पा येणार असेल तर अटेंडंटला आधीच सांगा, आणि जाऊन या.

बरोबरच्यांची काळजीही आलीच. उलटी आणि जुलाब एकदम सुरू झाले, तर नोरोव्हायरस असण्याची शक्यता बरीच. संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत तो लक्षणं दाखवतो, एक ते तीन दिवसांत बरा होतो, आणि बंद डब्यात वाऱ्यासारखा पसरतो. त्याच्यावर हाताला चोळायच्या सॅनिटायझरचा फारसा उपयोग नाही. साबण आणि पाणीच लागतं, म्हणून थैलीत साबणाची वडी. बाटली, पेला, डबा वेगळा ठेवा. दुसऱ्याला खायला वाढू नका, बरं वाटल्यावरही दोन दिवस.

ताप, सर्दी, घसा

डब्यातली हवा कोरडी असते, त्यामुळे सकाळी नुसता घसा खवखवला म्हणून घाबरू नका. पाणी प्या, दुपारपर्यंत बघा. ताप मोजा, कपाळावर हात ठेवून ठरवू नका. मोठ्यांसाठी पॅरासिटामॉल दर चार ते सहा तासांनी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन कमी असेल किंवा यकृताचा विकार असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या ‘सगळ्यावर एक’ गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, ते या हिशेबात धरा. खोकला असेल तर मास्क लावा.

पडून राहिलात तरी पाय हलवत राहा. चार तासांहून जास्त वेळ अवघडून बसून केलेल्या प्रवासानंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात २००७ साली मांडलं गेलं. मुळात तो धोका कमीच आहे, सहा हजारांत एक एवढा. पण अंगातलं पाणी कमी झालंय आणि तुम्ही पाय मुडपून कोपऱ्यात बसलाय, हे काही बरं नाही. घोटे फिरवा, पोटऱ्या आवळा आणि सोडा, जमेल तेव्हा डब्याच्या टोकापर्यंत चालून या.

गाडी खूप उंचावर जाणारी असेल तर डोकेदुखी आणि मळमळ ही पोटाची नसून उंचीची असू शकते. ल्हासाला जाणारी रेल्वे तंगुला खिंडीत ५,०७२ मीटरवर पोहोचते आणि तिचे ९६० किलोमीटर रूळ ४,००० मीटरच्या वर आहेत. म्हणून त्या डब्यांत प्राणवायूची सोय असते. ती वापरायला संकोच करू नका. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर ते साधं नाही, तेव्हाच कर्मचाऱ्यांना बोलवा.

उतरायचं की नाही

सर्वांत कठीण प्रश्न हाच. तिकिटाचे पैसे, पुढचं बुकिंग, बरोबरच्यांची सुट्टी, सगळं एका बाजूला पडतं आणि मन म्हणतं, अजून थोडं बघू. म्हणून मी एक नियम केलाय, आणि तो आजारी नसतानाच केलाय. अंधार पडायच्या आधीचं शेवटचं मोठं स्टेशन यायच्या तासभर आधी स्वतःला विचारायचं: गेल्या चार तासांत मी सुधारलो की बिघडलो? सुधारलो तर पुढे. बिघडलो तर उतरायचं. ‘तसाच आहे’ असं उत्तर आलं, आणि कागदावरची ती खूण केलेली रिकामी जागा पुढे असेल, तरी उतरायचं. दिवसा, शुद्धीत, सामान उचलता येतंय तोवर उतरणं ही गैरसोय. रात्री तीनला स्ट्रेचरवर उतरणं हे संकट.

काही लक्षणांत मात्र अंधाराची वाट बघायची नाही, पुढचं जे स्टेशन येईल तिथे वैद्यकीय मदत मागायची: छातीत दाब किंवा कळ, श्वास अपुरा पडणं, शौचात किंवा उलटीत रक्त, बरळणं किंवा ग्लानी, पोटात एका जागी वाढत जाणारी असह्य कळ, मान ताठून डोकं फुटेल असं दुखणं, एकाच पायाला आलेली दुखरी सूज, थेंबभर पाणीही न टिकणं. गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर उंबरठा आणखी खाली आणा. मूल रडतंय पण डोळ्यांत पाणी येत नाही, हे पुरेसं कारण आहे.

तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलता येईना, शब्द जड झाले, तर तो पक्षाघात समजा आणि घड्याळ बघून लिहून ठेवा की माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. छातीत दुखत असेल तर बसवून ठेवा, चालवत नेऊ नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल आणि फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितलं तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या.

आणि साखळी? हात तिकडे जातो, पण थांबा. गाडी ओसाड जागी, पुलावर किंवा बोगद्यात उभी राहिली तर रुग्णवाहिका तिथे येऊच शकत नाही, आणि स्टेशन आणखी लांबतं. आजारी माणसासाठी चालती गाडी हीच रुग्णवाहिका. आधी कर्मचाऱ्यांना गाठा, त्यांना ठरवू द्या की गाडी पुढे कुठे थांबवायची.

उतरताना

गाडी दोन मिनिटंच थांबणार असेल, म्हणून अर्धा तास आधीपासून दाराजवळ बसा. पासपोर्ट, पैसे, फोन, चार्जर, औषधांची थैली अंगावर असली पाहिजे. मोठी बॅग राहिली तर राहू द्या, ती नंतर मागवता येते. तपासनिसाकडून तिकिटावर किंवा साध्या कागदावर ‘आजारपणामुळे अमुक स्टेशनला उतरले’ असं तारीख-वेळेसह लिहून घ्या. परताव्याला आणि विम्याला हा एक कागद दहा फोनांचं काम करतो. शक्य असेल तर रुग्णालयात जायच्या आधी विम्याच्या क्रमांकावर फोन करा, कोणत्या रुग्णालयात जायचं ते तेच सांगतात. प्राण कंठाशी आले असतील तर अर्थातच नंतर करा.

आंतरराष्ट्रीय गाडीत एक खोच असते. ज्या देशातून गाडी नुसती जाते तिथला व्हिसा तुमच्याकडे नसेल, तर उतरलात की अधिकाऱ्यांना लगेच सांगा आणि आपल्या दूतावासाला कळवा. आजारी माणसाला वाट असते, पण लपवलेल्या गोष्टीला नसते. आणि बरोबरच्यांपैकी एकाने तुमच्यासोबत उतरायचं, सगळ्यांनी नव्हे. कोण उतरणार हेही निघण्याआधीच ठरलेलं बरं.

पुन्हा गाडीत बसताना

जुलाब-उलटी थांबून पूर्ण ४८ तास होऊ द्या, ताप असेल तर औषधाशिवाय एक दिवस कोरडा जाऊ द्या. मगच पुढचं तिकीट काढा, तेही दिवसाच्या छोट्या टप्प्याचं आणि खालच्या बर्थचं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पावत्यांचे फोटो काढून स्वतःलाच पाठवून ठेवा. थैलीतल्या किती पुड्या उरल्या ते मोजा आणि संपलेल्या भरून घ्या. कागदावर आता नव्या गाडीची स्टेशनं लिहायची आहेत.